एसएसडीचा नमुना

कुठल्या तोंडानं सांगू, पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

वाशिमजवळच्या शिरपूरला माझं भुसाराचं दुकान. तूर, हरभरा, सोयाबीन. शाळा सातवीपर्यंत, पुढचं पोत्यांनी शिकवलं. पोत्यावर काय छापलंय ते मी वाचत नाही. लोखंडी नळी खुपसायची, आतला दाणा तळहातावर घ्यायचा, मग भावाचं बोलायचं.

माझी मुलगी मुक्ता घरी बसून लग्नाचे व्हिडिओ जुळवते. तिचा जुना कॉम्प्युटर असा रखडायचा, की नवरी मांडवात येईपर्यंत आमचा चहा होऊन जायचा. तिनं स्वतःच्या कमाईतून नवा घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, सोबत येतो, नाहीतर लोक गंडवतील पोरीला.

वाशिमच्या दुकानात मालकानं, नितीनभाऊनं, काचेवर दोन वस्तू ठेवल्या. दोन्ही एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरचं कोठार. एक चांगली धातूची डबी, पत्त्यांच्या जोडाएवढी. दुसरी च्युइंगगमसारखी पट्टी, वर नुसता स्टिकर.

"बाबा, मले ही पट्टी पाह्यजे. एनव्हीएमई. लय फास्ट हाय."

मी दोन्ही तळहातांवर दोन्ही तोलल्या. "जागा सारखीच ना, भाऊ?"

"सारखीच, काकाजी."

"मंग हा पापडाचा तुकडा महाग काहून?"

"डबीतून फाइली पायवाटेनं येतात. हिचा रस्ता चौपदरी हाय."

"रस्ता राहू दे. माल दाखव."

"मालच तं दाखवून राह्यलो."

"हा बारदाना झाला. आतला दाणा दाखव."

"बाबा, ते पोतं नाही ना," मुक्ता हळूच म्हणाली.

"तू थांब. डबीच घेऊ. वजन हाय तिले."

पैसे मुक्ताचे, काम तिचं, आणि निवड माझी. तिचा उतरलेला चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं. म्हटलं, न्यायानं वागावं, पट्टीलाही एक संधी द्यावी.

तेवढ्यात नितीनभाऊ आतून कॅबिनेट आणायला गेला, मुक्ता त्याच्या मागं. इकडे मी, पट्टी आणि माझ्या अंगठ्याचं नख. आता तुम्हीच सांगा, जन्मभर पोती टोचलेल्या माणसानं काय करावं?

स्टिकरचा कोपरा उचलला. खाली काळे चौकोन. बाकीचा माल पुढं असेल म्हणून सगळाच सोलला. पुढंही चौकोनच.

नितीनभाऊ आला. हातातलं खोकं त्यानं सावकाश खाली ठेवलं.

"काकाजी, हे काय केलं?"

"नमुना पाह्यला."

"अहो, याच स्टिकरवर पाच वर्षांची वारंटी होती. आता कंपनी हिले हात लावत नाही. मी कोणाले विकू?"

मी स्टिकर परत बसवून पाहिला. पट्टीला काही चिकटेना, अंगठ्याला मात्र पक्का चिकटला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून माझ्याकडे बघत होती. आमच्या धंद्यात ज्यानं पोतं उसवलं, त्यानं माल उचलायचा. तिथं तोंड कुठं लपवणार?

"दे बांधून," मी म्हणालो.

"डबी?"

"पट्टी."

परतीच्या एसटीत मुक्ता खोकं मांडीवर घेऊन गालातल्या गालात हसत होती. मीही जरा सावरून बसलो. म्हटलं, "पाह्य, शेवटी तुह्याच मनासारखं झालं का नाही?"

"झालं ना बाबा. तुमी घरी राह्यले असते तं वारंटीसहित झालं असतं."