पाचव्या वळणावर

घाटाच्या पायथ्याशी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रीला सगळे मौनीबाबा म्हणतात. काम करताना तो बारीक पिना, स्क्रू ओठांत धरायचा, त्यामुळे बोलणं बंद. "झालं का?" विचारलं की नुसतं "हूं". "अहो, हो की नाही ते तरी कळू द्या!" तरी पुन्हा "हूं".

त्याचा एक नियम होता. दुरुस्त गाडीवर गिऱ्हाइकाला मागे बसवायचं, पाचव्या वळणापर्यंत न्यायचं आणि उतारावर ब्रेक दाखवायचे. मीही अनेकदा बसलोय. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, तळाशी चकाकणारा तलाव. वळणावर तो गाडीसकट असा कलायचा की दरी पायाखालून सरकल्यासारखी वाटे. भीती मात्र वाटत नसे.

हा नियम त्याने एकदाच मोडला, सख्ख्या धाकट्या भावासाठी. भावाला घाई होती. मिस्त्री मागच्या ब्रेकची दांडी जोडत होता. भाऊ म्हणाला, "दादा, लग्नातही पिना धरल्या होत्यास का रे ओठांत? फोटोत नवरा रुसलेला दिसतो." मिस्त्रीला हसू फुटलं. चाचणी न घेताच भाऊ निघाला. परत येताना उतारावर, पाचव्या वळणाशी गाडी कठड्याला अडकली, भाऊ दरीत गेला. पंचनाम्यात वेग जास्त असल्याचं लिहिलं गेलं.

दांडीचा नट सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकात एक पिन घालतात. ती बसवली होती, की हसताना ओठांतून पडली, हे मिस्त्रीला आठवेना. गाडी त्याने दुकानामागे ठेवली. एकोणीस वर्षांत तिच्यावरची ताडपत्री चारदा बदलली, पण गाडीकडे वाकून पाहिलं नाही.

भाऊ गेल्यापासून चाचणीला गेलं की पाचव्या वळणावर तो इंजिन बंद करी. एकदा मला म्हणाला, "ऐकलंत?"

"काय?"

"हसला."

मला फक्त वारा ऐकू आला होता. पण त्यानंतर तिथून एकट्याने जायचं मी टाळतो.

भावाची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला सायकल आणि पुढे मोटारसायकल शिकवली ती काकानेच. घाटापलीकडच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली, तेव्हा ती हटून बसली, "काका, बाबांची गाडी द्या."

"भंगार आहे ते."

"मेलेल्या गाड्या उठवता म्हणे तुम्ही. मग ही का नाही?"

दोन महिने त्याने टोलवाटोलवी केली. मला म्हणाला, "साहेब, चूक माझी निघाली तर ही पोर माझ्या दारात पाय ठेवेल का?"

एका रविवारी तिनेच ताडपत्री ओढली. माझी स्कूटर तेव्हा दुकानात होती, म्हणून मीही तिथे होतो. मिस्त्री मागच्या चाकापाशी बसला, चिंधीने बोल्ट पुसला आणि पुसतच राहिला. नट नव्हता, पिन नव्हती. पिन मोडली असती तर तुकडा भोकात अडकून राहिला असता. बोल्टचं भोक मोकळं होतं, म्हणजे ती बसवलीच नव्हती.

"काय झालं, काका?"

त्याने तिला सगळं सांगितलं. भावाचा विनोदसुद्धा. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

ती उठून रस्त्यापर्यंत गेली. बराच वेळ घाटाकडे तोंड करून उभी राहिली. परत आली तेव्हा आवाज कोरडा होता. "आईला तुम्ही सांगायचं नाही. कधी सांगायचं ते मी ठरवीन." मग फळीवरचा डबा उघडून तिने एक पिन त्याच्यापुढे धरली. "बसवा. माझ्यासमोर."

महिनाभर तो त्या गाडीला खपला. आता रोज सकाळी आठला ती तीच गाडी घेऊन निघते. दुकानासमोर हॉर्न देत नाही, थांबतही नाही. पाचव्या वळणाच्या कातळाआड इंजिनाचा आवाज बुडतो आणि तेवढी पाच-सात सेकंदं दुकानातला पाना थांबतो. मी तिथे असलो, तर माझंही बोलणं तुटतं. मग वरच्या अंगाला आवाज पुन्हा उगवतो आणि मिस्त्री खाली वाकतो.