वर मागून घेतलेला मासा

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी बडदास्त ठेवणारा माणूस माझ्या थोरल्या साडूशिवाय अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झालाच असेल तर त्याचाही सासरा माझाच असणार, कारण असे जावई शोधून काढण्यात आमच्या सासऱ्यांचा हात कोणी धरला नसता.

साडू अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. माणूस दारात मावणार नाही एवढा, आणि आवाज असा की समोरच्यानं वाकून ऐकावा. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यांनी भिंतभर काचेची पेटी मांडली होती आणि तिच्यात खारं पाणी. गोड्या पाण्यातले मासे त्यांच्या लेखी मासेच नव्हते. "ते तर विहिरीत बी राहतात," म्हणायचे. मुंबईहून खास मीठ मागवायचे, पाण्यात कालवायचे आणि उसाच्या रसातली साखर मोजायची काचेची नळी त्यात सोडायचे. एकदा कोणी कोकणातून बाटलीभर खरं समुद्राचं पाणी आणलं. यांनी त्यात नळी तरंगवली आणि ती जिथवर बुडाली तिथं तिच्यावर बायकोच्या नेलपॉलिशची रेघ मारली. ती रेघ म्हणजे त्यांचा अरबी समुद्र. पाहुणा आला की आधी पेटीसमोर बसायचं, मग चहा. कोणी मोठ्यानं बोललं की हे बोट ओठांवर ठेवायचे, "हळू, पाण्याला कळतं." बाहेर वैशाख भाजत असायचा, वाऱ्यावर मळीचा वास यायचा, आणि आत पडदे ओढलेल्या त्या खोलीत छतावर पाण्याचा निळा उजेड हलत असायचा. मी कितीही रागात आलेलो असलो तरी घटकाभरात तो राग कुठं ठेवला ते मला सापडत नसे.

आणि राग माझ्याकडे भरपूर होता. मी मंठ्याचा, जुन्या मोटारपंपांच्या धंद्यातला. हातात काही नव्हतं तिथपासून दुकान उभं केलं. पण सासरी, जाफराबादला, धोंड्याच्या महिन्यात जेवायला बसलो की चांदीचा दिवा थोरल्या जावयाला आणि पितळेचा मला. बरं, तो चांदीचा दिवा हे गृहस्थ परतताना एसटीत विसरले! घरात कोणी ब्रसुद्धा काढला नाही. मी विसरलो असतो तर अजून ऐकत असतो.

तरी मुंबईला सामान आणायला निघालो की त्यांचे मासे आणायचं काम माझ्याकडेच. एकदा त्यांनी सांगितलेला पिवळा मासा घेतला, चांगला हाताच्या पंजाएवढा. भाव तोडून तोडून दुकानदाराला घाम फोडला, आणि भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसं शेवटी म्हणालो, "वर काहीतरी टाक." त्यानं लगेच अंगठ्याच्या पेराएवढा एक निळा मासा पिशवीत टाकला. इतक्या झटपट हो म्हणणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता. तिथंच मला कळायला हवं होतं.

त्या निळ्यानं आठवड्यात पेटी ताब्यात घेतली. मधल्या दगडाच्या कपारीत तो राहायचा, आणि पिवळा जवळून गेला की बाणासारखा सुटून त्याच्या शेपटीला डसायचा. मोठा मासा लहान्याला खातो, हे ऐकून वाढलेली कारखान्यातली मंडळी हा उलटा तमाशा बघायला रविवारी जमू लागली. एकानं विचारलं, "साहेब, हा कुठून आणला?" साडू भाबडेपणानं म्हणाले, "साडूभाऊंनी आणलाय. त्यांच्यासारखाच हाय. जागा सोडत न्हाई." खोली हसली. मी ताडकन उठलो. "मंग ठेवा तुमचं तळं तुमच्यापाशी!" म्हणालो, आणि जाणं बंद केलं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. सुट्टीतही पेटी सोडून न हलणारा हा माणूस गंजक्या पंपांच्या मधोमध उभा राहिला.

"साडूभाऊ, पिवळा खाऊन न्हाई राह्यला. कोपऱ्यात उभा असतो. शेपटीच्या चिंध्या झाल्या."

"मंग निळा काढून टाका की!"

"सगळे तेच म्हणतात. पण तुम्ही दिल्ता. तुम्हाला इचारल्याबिगर कसा काढू?"

चेहरा पार उतरला होता. त्यांचं स्वतःचंही जेवण सुटलं आहे, हे मेव्हणीकडून कळलंच होतं.

"काढू नका," मी म्हणालो. "त्याचं भांडण पिवळ्याशी न्हाईच, जागेचं हाय. ती जागाच ठेवू नका."

दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. मासे बादलीत काढून आम्ही पेटीतला दगड न् दगड उचलला. मधली कपार मोडली, डावीकडचं उजवीकडं केलं. कोपरापर्यंत भिजलेले आम्ही दोघं एकमेकांना "हळू, हळू" म्हणत होतो. मग मासे परत सोडले. निळा सुसाट मधोमध गेला आणि थबकला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पिवळा शेजारून गेला तरी त्याला डसायचं सुचेना. कुठली हद्द राखायची, तेच त्याला आठवत नव्हतं.

"आता दोघंबी पाहुणे झाले," साडू म्हणाले.

त्यांनी एका दगडाला पालकाचं पान बांधून खाली सोडलं. आम्ही ओल्या हातांनी तसेच खुर्च्यांवर बसून राहिलो. भोंगा झाला, पाळी सुटली, सायकली गेल्या. पान पाण्यात नुसतं डुलत होतं. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या निळ्या उजेडातलं त्यांचं श्वास रोखून बसणं मला अजून दिसतं. शेवटी पिवळा कोपऱ्यातून हळूहळू बाहेर आला, पानाभोवती एक फेरी मारली आणि कडेचा एक लचका तोडला. साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं. आयुष्यात मी पुष्कळ सौदे जिंकले, पण दुसऱ्याच्या तोंडातल्या घासाकडे इतक्या आशेनं मी पुन्हा कधी बघितलं नाही.