पायऱ्यांजवळचा खड्डा

पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं, ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे बुडून मृत्यू.’ ताईनं ते वाचलं आणि मला विचारलं, “निष्काळजीपणा कायचा वं? हातपाय धुवायले गेले होते ते.”

भाऊजी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात कामाला होते. अंगावरची राख घरात नको, म्हणून ड्यूटीवरून येताना वाटेतल्या तलावावर थांबायचे. पोहता येत नव्हतं, त्यामुळे शेवटच्या पायरीच्या पुढं फार जात नसत. तिथं कमरेएवढं पाणी, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक. त्या उन्हाळ्यात गाळ काढायला तलावात मशिनी उतरल्या, पावसाळ्यात तलाव पुन्हा भरला, आणि दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी भाऊजी नेहमीच्या पायऱ्या उतरले ते वर आलेच नाहीत.

“खोल पाण्यात जायचंच कशाला?” भेटायला येणारा प्रत्येक जण ताईसमोर हेच बोलून, चहा पिऊन जायचा. मी आत स्वयंपाकघरात दात-ओठ खात उभी असायचे.

माझं काम नकाशांचं. प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्यांसाठी मी जमिनीचे चढउतार काढून देते. एका रविवारी संगणकावर तलावच उघडला. उपग्रहावरून घेतलेली उंचीची माहिती कुणालाही फुकट मिळते, पण त्यात तलाव ताटासारखा सपाट दिसतो. पाण्याखालचं त्याला दिसत नाही. मग सरकारी संकेतस्थळावर शोधलं, तर गाळ काढल्यानंतरची मोजणी सापडली. तलावात आता किती जास्त पाणी मावतं हे मिरवायला होडीतून यंत्रानं खोली मोजली होती. प्रत्येक ओळीत जागा आणि तिथली खोली. कुणी काही लपवलं नव्हतं. भाऊजी गेले त्याच्या आधीपासून ते सगळ्यांसाठी उघडं पडलेलं होतं.

ते आकडे नकाशावर टाकले. तळ हळूहळू उतरत मध्यापर्यंत जात होता, जसा जायला हवा. फक्त पायऱ्यांसमोर, काठाला अगदी लागून, विहिरीसारखा सरळ कडांचा खड्डा. गाळ असा निघत नाही. गाळ संपल्यावर खालचा, भरावासाठी विकला जाणारा मुरूम उपसला होता, आणि काठाजवळ उपसला होता, कारण तिथं ट्रक लागतो.

मी स्क्रीन ताईकडे वळवली. “मले हे रंग नाही समजत,” ती म्हणाली. “हातानं दाखव.”

म्हणून प्लायवूडचा तलाव केला. दुकानांच्या पाट्या कापणाऱ्याकडून समान खोलीच्या प्रत्येक रेषेचा एकेक थर कापून आणला आणि थरावर थर चिकटवले. पाणी काढून घेतलेला तलाव टेबलावर उभा राहिला. ताईनं पायऱ्यांवर बोट ठेवलं, पुढं सरकवलं, आणि ते खड्ड्यात गेलं. तिनं बोट तिथंच ठेवलं. रडली नाही. म्हणाली, “चल, गाळ काढायचं काम देणाऱ्या ऑफिसात नेऊ.”

ऑफिसातले साहेब मॉडेल पाहून खूश झाले. “वा! हे तर आमच्या हॉलमध्ये पाहिजे. खालून निळा लाईट लावता येईल का, मॅडम?”

मी खड्डा दाखवला. साहेबांचा चेहरा बदलला. “हे तुम्ही वाढवून दाखवलंय.”

“उभी मापं सगळीकडे सारखीच वाढवलीत, नाहीतर तळ दिसलाच नसता,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “आकडे तुमचे आहेत. खड्डा मी नाही खोदला.”

“आवाज खाली ठेवा. अर्ज द्या, पाहू.”

ताई उठली, टेबलाच्या पलीकडे गेली आणि साहेबांना म्हणाली, “हात घाला न साहेब याच्यात. पाहा तर खरं. लाईट काहून लावता?” त्यांनी हात मागे घेतला. आम्ही मॉडेल उचललं आणि निघालो.

तिथून थेट तलावावर. मॉडेल पायऱ्यांच्या ओट्यावर ठेवलं. कपडे धुणाऱ्या बाया जमल्या. एकेकीनं बोट घालून पाहिलं. “बाप्पा! अन् आमी इथंच बसून राहिलो!” एक जण ओरडली. संध्याकाळपर्यंत वस्तीनंच बांबू रोवले, दोर बांधला, त्याला रिकामे लाल डबे लटकवले.

आठवड्यात ऑफिसचे लोक ते काढायला आले. काठाच्या सुशोभीकरणात बसत नाही म्हणे. ताई दोर धरून उभी राहिली. तिच्यामागे सगळ्या बाया. पेपरवाले येऊन फोटो काढून गेले, तेव्हा कुठं दगड-मातीचे ट्रक आले आणि खड्डा बुजवला. ज्यांनी तो खोदला त्यांना कुणी विचारलं नाही. पायऱ्यांवर पाटी लागली, ‘पाण्यात उतरू नये’. म्हणजे चूक पुन्हा उतरणाऱ्याचीच. पोलिसांच्या कागदावरचा ‘निष्काळजीपणा’ हा शब्द बदलावा म्हणून आम्ही खेटे घालतोय. अजून बदललेला नाही.

या उन्हाळ्यात सावनेरकडच्या एका तलावात मशिनी उतरल्याचं कळलं. तिथली मोजणी संकेतस्थळावर नव्हती, म्हणून मी तिथल्या ऑफिसात फोन केला. “तुम्हाला कशाला पाहिजे?” पलीकडच्यानं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत ताईनं माझ्या हातातून फोन घेतला.