खंडाळ्याची हाक

आधीच सांगतो, भूतबीत प्रकरणावर माझा काडीचाही विश्वास नाही. घरात कुणी अमावास्येचं नाव काढलं तरी मी त्याची चेष्टा करतो. तरीही हे लिहितोय, कारण तुंगार्लीचा इतिहास कुणी सांगायला बसलं की तीच तीच नावं येतात... अमक्या बॅरिस्टरांचा बंगला, तमक्या गाणाऱ्या बाईंचा बंगला, मुंबईच्या डॉक्टरांची बाग. मोठी माणसं होती, नाही म्हणत नाही. पण आमचे दाऊदचाचा? त्यांचं नाव कुणी घेत नाही, आणि माझं डोकं फिरतं!

चाचा रेल्वेतून रिटायर झालेले. बंगल्यांच्या मागे, एका शेठच्या जागेत त्यांनी तालीम उभी केली होती. शिकवायची तऱ्हा जगावेगळी. डावा-उजवा हे शब्दच त्यांच्या तोंडी नाहीत. तालमीच्या दारात उभं राहिलं की उजव्या हाताला खंडाळा, डाव्या हाताला लोणावळा. म्हणून उजवीकडे घुसायचं असलं की चाचा ओरडायचे, "खंडाळाऽऽ!" पहिल्या दिवशी मी ते ऐकलं आणि मुकाट्यानं सदरा चढवायला लागलो. मला वाटलं, तिकडून काही आणायला धाडतायत. चाचा पोट धरून हसले.

"आरं येड्या, डावं-उजवं मानूस इसरतो. आपलं गाव कुनी इसरतं व्हय?"

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधी चाचा गेले. त्यांना माती देऊन आलो आणि थोड्याच दिवसांत शेठ दारात हजर. वस्तादच नाहीत तर तालीम कशाला, म्हणाले, इथं मोटारीसाठी गॅरेज बांधतो. माझे चुलते, आबा, त्यांच्या पुढ्यात हात जोडून उभे राहिले. शेवटी शेठ म्हणाले, "कुरवंड्याच्या जत्रेतली शेवटची कुस्ती तुमच्या पुतण्यानं मारली, तर जागा तालमीची. हरला, तर कुलूप."

झालं! सगळा भार माझ्या मानेवर.

समोर मुळशीकडचा पैलवान... नुसता डोंगर. शेठ कडेला खुर्ची टाकून बसलेले. दुपारचं लख्ख ऊन, चारी बाजूंनी माणूसच माणूस. पठ्ठ्यानं माझी मान अशी दाबली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी डावीकडून वाट शोधत होतो, ती काही मिळेना. संपली तालीम, असं मनात आलं. आणि तेवढ्यात अगदी मागून...

"खंडाळाऽऽ!"

तोच घोगरा, शेवटी ओढलेला आवाज. विचार करायला वेळच नव्हता. अंग आपसूक उजवीकडे घुसलं, त्याचा पाय हाताला लागला, उचलला... आणि मुळशीकर चितपट! पाठ मातीला, तोंड आभाळाकडे! काय जल्लोष उठला म्हणता! पोरांनी मला खांद्यावर घेतलं, आबांनी स्वतःचं पागोटं हवेत भिरकावलं.

मी समजत होतो, आवाज माझ्या डोक्यातच घुमला असणार. तेवढ्यात शेठ गर्दीतून वाट काढत आले. "शाब्बास! जागा तालमीची. पण काय हो, ऐन कुस्तीत तो टांगेवाला खंडाळा, खंडाळा म्हणून कुठून बोंबलत होता?"

मी गर्रकन मागे वळून पाहिलं. त्या मैदानापर्यंत टांगा चढतच नसे. शेठ स्वतः धापा टाकत चालत आले होते. तालमीतली पोरं सगळी माझ्यासमोरच्या बाजूला बसलेली. एकेकाला विचारलं. सगळ्यांनी आईची शपथ घेऊन सांगितलं, आम्ही ओरडलो नाही... पण ऐकलं मात्र सगळ्यांनी.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर त्यानं खुशाल सांगावं.

अंगावरची मातीही न झटकता आम्ही तसेच वाजतगाजत कब्रस्तानात गेलो. बक्षिसाचा फेटा मी चाचांच्या कबरीवर ठेवला. रडू आणि हसू एकदमच फुटलं. "चाचा, मारली बरं का कुस्ती!" मी ओरडून सांगितलं.

आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "त्येला काय सांगतोस? त्यो व्हता की तितं."