तीन थेंबांची ताटली

दिवा विकत घ्यायला निघाले की फिटरमामा काखेत पांढरी ताटली आणि खिशात तीन छोट्या बाटल्या घेऊन निघायचे. मुरबाडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवर ताटली मांडायची, तिच्यात तीन थेंब टाकायचे, एक पाण्याचा, एक इंजिन ऑइलचा, एक ब्रेक ऑइलचा, आणि दुकानदाराला सांगायचं, "आता लाव एकेक दिवा." दुकानदार कपाळाला हात लावायचा, मागची गिऱ्हाइकं खोळंबायची. मामा मात्र मुलगी बघायला आल्यासारखे ताटलीवर वाकून बसायचे, सात-आठ दिवे नापसंत करायचे आणि पुष्कळदा रिकाम्या हातानेच धसईची एसटी धरायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. शेजारी राहायचे आणि आईने त्यांना भाऊ मानलं होतं. कुठल्याशा कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर घरामागे पत्र्याची शेड ठोकून जिपा दुरुस्त करायला लागले. धसई-मुरबाड वडाप करणारे, म्हणजे सीट भरून जीप सोडणारे सगळे ड्रायव्हर त्यांच्याकडे यायचे. शेडमध्ये भर दुपारीही अंधार असायचा, आणि जिपेच्या पोटाखाली तर विचारायलाच नको. म्हणून दिव्यांचा एवढा सोस.

"उजेड लय नको गो, खरा पायजे," असं ते म्हणायचे. पिवळ्या बल्बखाली सगळंच तेल वाटतं, निळसर दिव्याखाली ब्रेक ऑइलची फिकट पिवळी झाक मरून जाते आणि ते पाण्यासारखं दिसतं, हे त्यांनी मला शाळेत असल्यापासून ऐकवलं होतं. दिवा कधी डोळ्यांसमोर धरायचा नाही, बाजूने धरायचा, म्हणजे चीर असेल तर तिची सावली पडते. बरीच पारख करून घेतलेला एक जाळीचा हातदिवा त्यांच्याकडे होता. त्याची वायर लांबच लांब होती आणि ती दिवसातून दोनदा तरी कुणाच्या ना कुणाच्या पायात यायची. मामी त्या दिव्याला सवत म्हणायच्या.

मी मामांची भरपूर टिंगल केली आहे. ताटली दिसली की "मामा, आज प्रसाद काय?" असं विचारायची. ते हसायचे. मी कल्याणला नोकरीला लागले तेव्हा थोडी शिंगं फुटली होती मला. धसईत वीज सारखी जायची आणि मामा मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून काम करायचे. ते बघवेना, म्हणून मी त्यांच्यासाठी चार्जिंगचा दिवा आणला. मागे लोहचुंबक, वायरची कटकट नाही, आणि लावला की शेड निळसर लख्ख.

मामांनी दिवा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि सवयीने ताटलीकडे हात नेला. मला राग आला. "अहो, कल्याणच्या मोठ्या दुकानातून आणलाय. माझ्यावरसुद्धा विश्वास नाही का?" मी फुगून बसले. मामांचा हात तसाच थांबला. मग त्यांनी ताटली फळीवर ठेवून दिली आणि म्हणाले, "तुझी कशाला पारख करू गो?" तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! तो आनंद आठवला की अजून अंगावर काटा येतो.

त्यानंतर महिनाभराने देवरामभाऊंनी जीप आणली. भाऊ मामांचे जुने दोस्त. ब्रेक जरा खाली जातोय म्हणाले. जीप ते ओढ्यावर धुऊन आले होते, त्यामुळे खालून सगळीच ओली. मामांना कुठे पिवळी झाक दिसली की ते बोट लावून, वास घेऊन बघायचे. पण संशय यायला आधी झाक दिसायला हवी. वीज गेलेली होती. मामांनी माझा दिवा जिपेखाली चिकटवला, एकेक चाक बघितलं आणि ब्रेक आवळून देत म्हणाले, "जा. पानीच हाय सगलं."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. माणसं भरलेली जीप उतारावर थांबेना, तेव्हा देवरामभाऊंनी ती शेताच्या बांधावर घातली. माणसं खरचटून वाचली. भाऊंच्या छातीत स्टिअरिंग बसलं. मुरबाडला पोचेपर्यंत ते राहिले नाहीत.

चौथ्या दिवशी मी कल्याणहून आले. मोडलेली जीप ओढून शेडमध्ये आणली होती. मामा जमिनीवर उकिडवे बसले होते आणि समोर ती ताटली होती. त्यांनी माझा दिवा लावला, विझवला. जाळीचा हातदिवा लावला, विझवला. पुन्हा माझा लावला. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं तशी त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने ताटली पुसून टाकली.

"मामा, दिव्यामुळे..." मी म्हणू लागले.

"दिवा बेस हाय तुजा," ते म्हणाले. "माजंच डोलं गेलं."

हेच त्यांनी पोलिसांना सांगितलं, गावाला सांगितलं, मामींना सांगितलं. शेड बंद केली. पुढची नऊ वर्षं ते डोळे अधू झालेल्या माणसासारखे जगले. रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरायचे, बसची पाटी दुसऱ्याला वाचायला लावायचे. आणि मी? मी त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले, नंबर नाही म्हणून दुकानदार चक्रावला, तरी गप्प राहिले. मी भित्री होते. त्यांनी मला पांघरूण घातलं आणि मी ते ओढून घेतलं.

गेल्या वर्षी मामा गेले. मामींनी ताटली, बाटल्या आणि माझा दिवा एका पिशवीत घालून मला दिला. "तुला दे म्हनले." दिवा अजून चालतो. घरी मी ताटलीत तीन थेंब टाकून बघते. दर वेळी वाटतं की आज तरी वेगळे दिसतील. कल्याणला आमच्या इमारतीखाली गाडीजवळ ओल दिसली की मी वाकते, बोट लावते, वास घेते. वॉचमन हसतो. मागे कुणीतरी उकिडवं बसलंय असं वाटतं आणि मी वळून बघत नाही.

शेवटी परवा पिशवी घेऊन किन्हवलीला गेले. देवरामभाऊंच्या मागे पार्वतीवहिनी तिथे माहेरी राहतात, गोधड्या शिवतात. मामांचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "दर सालाला यायचं. माजं डोलं गेलं वैनी, मापी करा, म्हनायचं. आन् इथं बसून मला सुई ओवून द्यायचं. पयल्याच दमात! डोलं गेलेला मानूस सुई कशी ओवील, बाय? मी वलखलं, कोनाला तरी झाकतंय हा. पन इचारलं नाय कदी."

मी खिडकी लोटून घेतली. ताटलीत तीन थेंब टाकले, दिवा लावला आणि विचारलं, "वहिनी, यात पाणी कुठलं?"

त्या वाकल्या. "ह्यो काला तेलाचा. ह्ये दोन पान्याचं."

"त्यातला एक ब्रेक ऑइलचा आहे. हा दिवा मी दिला होता. मामा ताटली घेत होते, मीच घेऊ दिली नाही."

वहिनींनी ताटली दोन्ही हातांनी उचलली, दारात उन्हात नेली आणि त्या पिवळ्या थेंबाकडे बघत माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.