शेळी, द्राक्ष आणि बर्फ

सिन्नरहून नाशिकला येणाऱ्या बसमध्ये एक माणूस माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर थर्माकोलचा डबा होता आणि त्यावर दोन्ही हात.

"काय हाय यात?" कंडक्टरने विचारलं.

"शेळीचं रक्त, द्राक्षाची पानं आन् माशाचा तुकडा."

"मग शेळीचं तिकीट काढा."

मागचे प्रवासी हसले. तोही हसला, पण त्याने हात डब्यावरून उचलले नाहीत. हे नमुने त्याला प्रयोगशाळेत न्यायचे होते, असं त्याने मला सांगितलं. तिथे प्रत्येक जिवाची जनुकं अक्षरन् अक्षर वाचतात. बर्फ वितळला तर नमुने वाया जाणार होते आणि त्याला पुन्हा शेळीमागे धावावं लागणार होतं.

नाशिकात द्वारका चौकात बस गर्दीत अडकली. तो झाकणाला गाल लावून गारवा तपासत राहिला. शेवटी उतरला. मीही उतरलो. त्याने समोरच्या रसवंतीवाल्याकडे बर्फ मागितला.

"रसात टाकू?"

"नाय दादा, शेळीला पायजे."

डबा उघडून त्याने बर्फ नमुन्यांच्या तिन्ही पिशव्यांभोवती सारखा लावला. "प्रयोगशाळेत जनुकं वाचणारे म्हणतात, सगळ्या जिवांची अक्षरं तीच चार. निस्ती मांडणी वेगळी."

"माझ्या उसाची पण?"

"उसाची पण, तुमची पण."

रसवंतीवाल्याने क्षणभर चरकाकडे पाहिलं आणि डब्यात आणखी एक खडा टाकला.