यात लेक कुठं हाय?

उद्या देवाने प्रसन्न होऊन स्वर्गात जागा देऊ केली, तरी आमचे वकीलसाहेब आधी त्या जागेचा तीस वर्षांच्या मालकीचा सर्च काढतील, मागच्या मालकाच्या वारसांची चौकशी करतील आणि मगच आत पाऊल टाकतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तोवर देव दारात ताटकळत राहिला तर राहिला. आम्ही नाही का राहिलो?

मी भिंगारात लष्कराच्या एका कार्यालयात कारकून होतो. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेली. निवृत्ती सहा महिन्यांवर आली तेव्हा बायकोने विचारलं, "क्वार्टर सोडल्यावर कुठं जायचं ठरवलंय, ते सांगाल का?" काहीच ठरवलं नव्हतं. मग धावपळ करून भिंगारातच एक जुनं, बसकं, पण परसात शेवगा असलेलं घर पाहिलं. दोघा भावांनी बापाच्या माघारी विकायला काढलेलं. इसार देऊन टाकला आणि कर्जासाठी बँकेत गेलो. माझा साडू नगरच्या कोर्टात वकील, कागद तोच बघेल, असं मी ऐटीत सांगितलं. कर्जाचा साहेब हसला. "काका, तुमचे साडू कितीही मोठे असू द्यात. वकील आमच्या पॅनेलवरचाच लागतो. त्यानं मालकी स्वच्छ आहे असा रिपोर्ट दिला, तरच कर्ज." त्याने तीन नावांची यादी पुढे केली. पहिले सावेडीत, तिसऱ्या मजल्यावर. दुसरे कोर्टाजवळ, तिथेही दोन जिने. तिसरे हे, आमच्या क्वार्टरपासून पाच मिनिटांवर आणि तळमजल्यावर. माझ्या गुडघ्यांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. साहेब जरा घुटमळला. "बघा हं काका. ते जरा... फारच सखोल आहेत." सखोल म्हणजे किती खोल, हे विचारायची अक्कल मला झाली नाही.

त्यांचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, आणि त्यातल्या दोन खुर्च्यांवर फायली बसलेल्या. झेरॉक्सवर त्यांचा विश्वास नव्हता. अस्सल कागद हातात आला की आधी उलटा करून बघायचे, मग नाकाशी न्यायचे, मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागायचे. बँकेला तीस वर्षं पुरतात, यांना पुरत नसत. मोडीतल्या जुन्या कागदांपर्यंत मागे जायचे आणि वाटेत भेटेल त्या मेलेल्या माणसाशी अदबीने बोलायचे. "काय हो गणपतराव, आपल्याला चारच मुलगे? बरं, बरं." मग बोट थांबायचं, चष्मा कपाळावर चढायचा आणि एरवी कोर्टाची मराठी बोलणारे वकीलसाहेब एकदम गावाकडच्या बोलीत विचारायचे, "यात लेक कुठं हाय?" समाधान झालं की कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक बारीकशी खूण. ती खूण होईपर्यंत ब्रह्मदेव आला तरी रिपोर्ट मिळायचा नाही.

हा प्रश्न ते कुठेही विचारत. पुढे ओळख वाढल्यावर एकदा आम्ही त्यांच्याबरोबर शनिशिंगणापूरला दर्शनाला गेलो. बिनदाराची घरं बघून माझी बायको हात जोडायला लागली, तर हे म्हणतात, "वहिनी, दार नसलं तरी चालतंय. उताऱ्यावर लेकीचं नाव हाय का, ते विचारा." एका लग्नात तर स्टेजवर चढून नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद काय दिला? "पोरी, वाचल्याबिगर कुठं सही करू नको." नवरदेवाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण त्यांची खरी कचेरी म्हणजे पिठाची गिरणी. ज्या घराचा रिपोर्ट द्यायचा, त्या घराच्या जवळच्या गिरणीत हे ज्वारीचा डबा घेऊन जायचे, नंबर लावायचे आणि बायकांच्या गप्पा ऐकत बसायचे. कुणाला किती पोरं, कोण कुठे दिली, कोण रुसून गेली, सगळं तिथे कळतं, असा त्यांचा सिद्धांत. वकीलीणबाई वैतागून सांगायच्या, "आमच्या घरात एका गिरणीचं पीठ सलग दोनदा आलेलं मी बघितलं नाही. कुठलं जाड, कुठलं बारीक. भाकरी थापायची कशी माणसानं?"

आमच्या कागदात दोन मुलगे होते. बोट थांबलं. थोरल्या भावाला बोलावणं गेलं. तो ठामपणे म्हणाला, "आमाला बहीण न्हाई." झालं! तिसऱ्या दिवशी हे ज्वारी घेऊन गिरणीत. तिथे एक म्हातारी म्हणाली, "न्हाई कशी? धाकटी सुमन हाय की राह्यात्याला. आपल्या मनानं लगीन केलं, तवापासनं बापानं तोंड बघितलं न्हाई तिचं." वकीलसाहेबांनी दळण तिथेच सोडलं आणि मला येऊन सांगितलं, "रिपोर्ट देता येत नाही."

माझं डोकंच फिरलं. क्वार्टर रिकामं करायला दोन महिने उरले होते. बायकोने नव्या घराच्या खिडक्यांची मापं घेऊन पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. कोर्टाजवळच्या वकिलाने चहा संपायच्या आत रिपोर्ट दिला असता, आणि मी मूर्खासारखा गुडघ्यांचं ऐकून इथे आलो! मी ओरडलोच, "तुमचं स्वतःचं घर असतं तर काय केलं असतं हो?"

ते उठले, कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या स्वतःच्या घराचा सर्च रिपोर्ट होता, त्यांनीच लिहिलेला. शेवटची ओळ, 'मालकी निर्वेध नाही.' खाली कोपरा कोरा.

"वडील गेले तेव्हा मी नुकताच वकील झालो होतो," ते म्हणाले. "ताई दिवाळीला आली होती. चुलीपुढं बसून पोळ्या लाटत होती. मी हक्कसोडीचा कागद पुढं केला. तिनं पिठाच्या हातानंच सही केली. काय लिहिलंय ते मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पुढं तिला कळलं. भांडली असती तरी बरं झालं असतं. ती नुसती यायची थांबली. आता ती नाही. हा रिपोर्ट कुणी बदलायचा?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने राहात्याला गेलो. सुमनबाई पेरूच्या वाडीत पाट्या भरत होत्या. वकीलसाहेबांनी काही न लपवता सगळं सांगितलं, वाटा मागायचा तुमचा हक्क आहे, हेसुद्धा. मला तर घामच फुटला. बाई बराच वेळ हातातला पेरू पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सही करीन. पन आदी एकदा घर बघू द्या. परसात शेवगा हुता. हाय का?"

"आहे," मी म्हणालो.

भावांना समजावायला आठवडा गेला. त्या आल्या तेव्हा थोरला दारात उभा होता. 'ये' म्हणायला त्याची जीभ उचलेना. बाजूला मात्र झाला. सुमनबाई सरळ परसात गेल्या, शेवग्याला हात लावला आणि तिथेच खाली बसून रडल्या. तेव्हा थोरला आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि बहिणीशेजारी मातीत बसला. मी तरी डोळे पुसले बुवा, लपवायचं काय त्यात.

खरेदीखतात विकणारांची नावं तीन झाली, वाटेही तीन. वकीलसाहेबांनी सुमनबाईंना अख्खा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, दर पानाला "कळलं?" विचारत. मग लाल खूण झाली. क्वार्टर सोडायच्या चार दिवस आधी आम्ही या घरात आलो. दर भाऊबीजेला सुमनबाई पेरूची पाटी घेऊन येतात, भाऊ इथेच ओवाळून घेतात, आणि माझी बायको त्यांना शेवग्याच्या शेंगा बांधून देते.

गेल्या महिन्यात आमच्या मुलीने पुण्यात फ्लॅट बघितला. बँकेने यादी दिली, तिच्यातल्या एका वकिलाचा रिपोर्ट दोन दिवसांत आलाही. आमच्या वकीलसाहेबांना इथल्या बँकेने केव्हाच पॅनेलवरून कमी केलंय. फार वेळ लावतात म्हणे. तरी मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. वकीलीणबाई आता नाहीत, नजरही अधू झालीय. त्यांनी कागद नाकाशी धरला, बोट ठेवलं आणि ओळीमागून ओळ वाचत जाऊन थांबले.

"यात लेक कुठं हाय?"

मी त्यांचं बोट धरून खाली, घेणाराच्या रकान्यात नेलं. "ही काय. लेकच घेतेय, वकीलसाहेब."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. नाव एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं. मग टेबलाच्या खणात चाचपडून लाल पेन्सिलीचं थोटूक काढलं आणि मला म्हणाले, "जरा कोपरा दाखवा हो, मला नीट दिसत नाही."